धातूची गवाही

शिल्पासमोर उभा राहिलेला साधा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो एकच : हे काय आहे? घोड्यावर बसलेला राजा असेल तर हा प्रश्न पडत नाही. हातात पुस्तक धरलेला पुढारी असेल तरी पडत नाही. नाव ठाऊक नसले तर ते चौथऱ्यावर कोरलेले असते. परंतु कुठे गुळगुळीत, कुठे खरबरीत, मध्येच पोकळ असा धातूचा एखादा मोठा आकार समोर आला की तो गोंधळतो. मग एक तर हसतो, किंवा चिडतो, किंवा ‘आपल्याला यातले कळत नाही’ असे म्हणून मुकाट्याने पुढे जातो. मला मात्र अशा शिल्पांबद्दल वेगळाच प्रश्न पडतो आणि तो कलेपेक्षा नीतीच्या प्रांतातला आहे. जे शिल्प आपण काय आहोत हे सांगतच नाही, ते प्रामाणिक म्हणायचे की पळपुटे?

हा प्रश्न हवेत ठेवून सुटणार नाही. त्यासाठी एखादे शिल्प समोर हवे. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या आवारात, एलिस अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला, ग्रंथालयाजवळच्या मोकळ्या जागेत असे एक शिल्प उभे आहे. ब्राँझचे, बारा फूट उंच. ते घडवले हेन्री मूर (१८९८-१९८६) या इंग्रज शिल्पकाराने. शिल्पाचा वरचा भाग मोठ्या घुमटासारखा गोल आणि घासूनपुसून गुळगुळीत केलेला आहे. खालचा भाग जाडजूड खांबांसारखा आहे आणि त्यात पोकळ जागा सोडलेल्या आहेत. माणूस, पशू, झाड, यंत्र यांपैकी कशाशीही त्याचे सरळ साम्य नाही. विद्यार्थी त्याच्या जवळून रोज वर्गात जातात.

आता ती जागा पाहू. तेथे पूर्वी स्टॅग फील्ड नावाचे मैदान होते. मैदानाच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखाली स्क्वॉश खेळण्याची एक बंदिस्त जागा होती. २ डिसेंबर १९४२ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास एन्रिको फर्मी यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी तेथे माणसाच्या हातची पहिली, स्वतःहून चालू राहणारी अणूंची साखळी प्रक्रिया घडवली. ग्रॅफाइटच्या विटा एकावर एक रचून ५७ थरांचा एक ढीग उभारला होता आणि त्यात युरेनियम बसवले होते. त्या दिवशी त्यातून निघालेली शक्ती जेमतेम अर्धा वॅट होती. घरातला रात्रीचा छोटा दिवाही तेवढ्यावर नीट पेटला नसता. तीन वर्षेही उलटली नाहीत तोच ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर बॉम्ब पडले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७४ हजार माणसे मेली. शिकागोतले ते प्रेक्षागार १९५७ साली पाडण्यात आले. २ डिसेंबर १९६७ रोजी, त्या प्रयोगाला बरोबर २५ वर्षे झाली तेव्हा, त्याच जागी मूर यांच्या शिल्पाचे अनावरण झाले.

म्हणजे हे शिल्प बागेच्या शोभेसाठी ठेवलेले नाही. मानवजातीच्या इतिहासातील एका अतिशय भयंकर वळणावर ते उभे आहे. अशा ठिकाणी एखाद्या विद्यापीठाने डोळे असलेला, तोंड असलेला, बोलणारा पुतळा का उभारला नाही? फर्मींचा अर्धपुतळा चालला असता. जळालेल्या आईच्या कुशीतले मूल चालले असते. पहिल्याने अभिमान सांगितला असता, दुसऱ्याने अपराध. निराकार धातू निवडून विद्यापीठाने दोन्हींतून अंग काढून घेतले काय?

ही शंका उगाच घेतलेली नाही. शिल्पाच्या नावाची हकिकत तिला बळ देते. मूर या आकाराला ‘अ‍ॅटम पीस’ म्हणत, म्हणजे अणूविषयीचे एक शिल्प. इंग्रजीत तुकड्याला किंवा कलाकृतीला म्हणतात तो ‘पीस’ आणि शांततेला म्हणतात तो ‘पीस’ यांचे स्पेलिंग वेगळे, उच्चार एकच. ऐकणाऱ्याला ‘अणु-शांतता’ असे ऐकू येईल, ही अडचण विद्यापीठाकडील मंडळींना वाटली. शेवटी शिल्पाचे नाव ठरले ‘न्यूक्लिअर एनर्जी’, अणुऊर्जा. या नावात शांतताही नाही आणि युद्धही नाही. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या धड्याला शोभेल असे ते नाव आहे.

त्या जागेचा जुना फलकही असाच. युद्धानंतर प्रेक्षागाराच्या भिंतीवर बसवलेल्या फलकात, माणसाने येथे पहिली साखळी प्रक्रिया साध्य केली आणि अणुऊर्जेच्या नियंत्रित वापराची सुरुवात केली, अशा अर्थाचा मजकूर होता. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, माहितीनेही खरे आहे. फक्त बॉम्ब हा शब्द त्यात नाही.

येथे थोडे थांबून फलक आणि शिल्प शेजारी शेजारी ठेवून पाहावे असे मला वाटते. मूर यांनी नंतर स्वतःच सांगितले होते, की वरच्या भागाचा संबंध स्फोटानंतर उठणाऱ्या अळंबीच्या आकाराच्या ढगाशी आहे, त्यात कवटीचा आकार आणि डोळ्यांच्या खोबणीही आहेत, आणि खालचा भाग एखाद्या मोठ्या प्रार्थनागृहाच्या बांधकामासारखा आहे. म्हणजे ज्या गोष्टी फलकाने टाळल्या त्या आकाराने टाळल्या नाहीत. शब्द स्पष्ट होते आणि त्यांनी लपवले. आकार अस्पष्ट होता, पण त्याने कवटी विद्यापीठाच्या अंगणात आणून ठेवली. तेव्हा ‘सांगत नाही’ आणि ‘लपवतो’ ही एकच गोष्ट आहे असे समजणे घाईचे ठरेल.

मूर कोण होते हेही लक्षात घ्यायला हवे. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा. उमेदवारीच्या काळात काही दिवस शाळामास्तर. पहिल्या महायुद्धात १९१७ साली विषारी वायूचा मारा त्यांनी अंगावर घेतला होता. पुढे १९५८ साली ब्रिटनमध्ये अण्वस्त्रबंदीची चळवळ सुरू झाली तेव्हा तिच्या पुरस्कर्त्यांत त्यांचे नाव होते. शिरस्त्राणाचा, म्हणजे सैनिकाच्या लोखंडी टोपाचा आकार ते १९४० च्या आसपासपासून पुन्हा पुन्हा घडवत होते : बाहेरून कवच आणि आत कोणीतरी नाजूक, कोंडलेले. असा माणूस शिकागोच्या जागेसाठी आकार शोधतो तेव्हा तो पळ काढतो आहे असे म्हणणे मला कठीण जाते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आठवीच्या वर्गाला एकदा या शिल्पाचे छायाचित्र दाखवले. नाव, गाव काही सांगितले नाही. हे काय आहे, एवढेच विचारले. फळ्यावर उत्तरे लिहीत गेलो : मोटारसायकलची हेल्मेट, दाढ, अळंबी, खोपडी, गुंबद. एका मुलाने ‘कुछ भी नहीं सर, भंगार है’ असेही सांगितले आणि वर्ग हसला. मग जागा सांगितली, तारीख सांगितली, हिरोशिमा सांगितले. हसू थांबले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, फिर ये गुंबद है के खोपडी?’ मी म्हणालो, दोन्ही. तिला उत्तर पटले नाही. ‘दोन्ही कसे असेल?’ हा भाव तिच्या चेहऱ्यावर तास संपेपर्यंत होता. त्या वर्गात एकाही मुलाला शिल्पकलेचे शिक्षण नव्हते. तरी हेल्मेट, अळंबी, कवटी आणि घुमट ही चारही उत्तरे शिल्पकाराच्या मनातल्या गोष्टींच्या जवळची होती. तेव्हा अमूर्त कला फक्त शहाण्यांना कळते हे खरे नाही. मुलांना आकार कळला होता. गोष्ट ठाऊक नव्हती, ती सांगावी लागली.

यानिमित्ताने दोन भाषांतले दोन शब्द आठवतात. मराठीत आपण ‘अमूर्त’ म्हणतो, म्हणजे ज्याला मूर्ती नाही, रूप नाही. उर्दूत अशा कलेला ‘तजरीदी’ म्हणतात. ‘तजरीद’ म्हणजे वरची आवरणे उतरवणे, सोलून उघडे करणे. एक शब्द काय नाही ते सांगतो, दुसरा काय केले ते सांगतो. आवरण उतरवल्यावर उरते ते काय, हे मात्र पाहणाऱ्याने पाहायचे. आपल्या वाचकांना हा अनुभव नवा नाही. बीबी-का-मकबऱ्यातील संगमरवरी जाळीसमोर उभे राहून ‘हे कशाचे चित्र आहे’ असे कोणी विचारत नाही. चेहऱ्यावाचून सौंदर्य असते, चेहऱ्यावाचून शोकही असतो, हे आपल्या डोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याच डोळ्यांनी आधुनिक शिल्पाला ‘काहीच नाही’ म्हणून मोडीत काढू नये. पण जाळी आणि शिकागोचे शिल्प यांत एक फरक आहे. जाळीवर कोणत्याही घटनेची जबाबदारी नाही. शिकागोच्या धातूवर आहे.

म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत यावे लागते. एकच वस्तू घुमट आणि कवटी दोन्ही असू शकते का? माझे उत्तर असे, की त्या जागी घडलेली घटनाच दुहेरी होती. प्रयोग यशस्वी झाल्यावर लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने फर्मींशी हस्तांदोलन केले आणि हा दिवस मानवजातीच्या इतिहासात काळा दिवस म्हणून नोंदला जाईल, असे त्यांना सांगितले. साखळी प्रक्रियेची कल्पना मांडणाऱ्यांत झिलार्ड स्वतः अग्रभागी होते. जून १९४५ मध्ये याच विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या एका समितीने, जेम्स फ्रँक यांच्या अध्यक्षतेखाली, बॉम्ब शहरावर टाकण्याआधी त्याचे निर्जन जागी प्रात्यक्षिक करावे असा अहवाल दिला. जुलैत झिलार्ड यांनी काढलेल्या अर्जावर ७० जणांनी सह्या केल्या. ऐकले कोणी नाही. दुसऱ्या बाजूला त्याच प्रक्रियेवर १९६९ साली आपल्याकडे तारापूरचे वीजकेंद्र सुरू झाले, आणि कर्करोगाच्या किरणोपचारासाठी लागणारा कोबाल्टही अणुभट्टीतच तयार होतो. ज्या हातांनी दिवा लावला त्याच हातांनी आग लावली. आणि आग लागू नये म्हणून अर्जही त्याच हातांनी लिहिले. अशा घटनेचा पुतळा एका चेहऱ्याचा केला असता तर तो अर्धे खोटे बोलला असता.

परंतु हा युक्तिवाद कोणाच्या बाजूने उभे राहून करायचा, हेही विचारले पाहिजे. शिकागोत उभे राहणाऱ्याला घटना दुहेरी दिसते. हिरोशिमात त्या सकाळी घरातून बाहेर पडलेल्या माणसाला ती दुहेरी नव्हती. त्याच्या वाट्याला एकच बाजू आली. मेलेल्याला ‘याला दुसरीही बाजू आहे’ असे सांगणे ही क्रूरता आहे. मूर यांच्या याच शिल्पाची लहान आवृत्ती आज हिरोशिमाच्या समकालीन कला संग्रहालयात आहे. आकार तोच, धातू तोच. शिकागोत पाहणाऱ्याला आधी घुमट दिसावा आणि नंतर कवटी. हिरोशिमात आधी कवटी दिसावी आणि घुमट कदाचित दिसूच नये, हे स्वाभाविक आहे. आकार कोणावर सक्ती करत नाही, ही त्याची सभ्यता आहे. आणि हीच त्याची उणीवही आहे. कारण ज्याला कवटी पाहायचीच नाही त्याच्यावरही तो सक्ती करत नाही.

या उणिवेचा संस्था कसा उपयोग करतात, याचे उदाहरण अमेरिकेतल्याच दुसऱ्या विद्यापीठात सापडते. ४ मे १९७० रोजी ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाच्या काळातील निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या सैनिकांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. १३ सेकंदांत ६७ गोळ्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. कोणालाही शिक्षा झाली नाही. पुढे १९७८ साली या घटनेच्या स्मरणार्थ जॉर्ज सीगल या शिल्पकाराने एक ब्राँझचे शिल्प तयार केले. विषय होता हजरत इब्राहीम यांची कुर्बानीची कहाणी. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेत तो मुलगा इसहाक. आपल्याकडे ती कहाणी हजरत इस्माईल यांची म्हणून सांगितली जाते. सीगलच्या शिल्पात हात बांधलेला, गुडघ्यांवर बसलेला आजच्या काळातला तरुण आहे आणि त्याच्यासमोर सुरा घेतलेला वयस्क माणूस उभा आहे. कहाणीत सुरा थांबला होता. केंटमध्ये थांबला नाही. एवढे साधे, अंगावर येणारे ते शिल्प होते. केंट विद्यापीठाने ते नाकारले. हिंसक कृतीचे दृश्य अशा स्मारकाला शोभत नाही, असा एकंदर सूर होता. शेवटी ते प्रिन्स्टन विद्यापीठाने स्वीकारले आणि तेथे ते आजही आहे.

ज्या शिल्पाला चेहरा होता ते परत पाठवले गेले. त्याच केंटच्या आवारात टेलर हॉलजवळ एक अमूर्त शिल्प मात्र आधीपासून उभे होते आणि राहिले. डॉन ड्रम या शिल्पकाराचे ‘सोलर टोटेम’, १९६७ सालचे, पोलादी पत्र्यांचे. त्याचा युद्धाशी, राजकारणाशी काडीचा संबंध नव्हता. पण त्या ४ मेच्या दिवशी सैनिकांची एक गोळी त्याच्या पोलादातून आरपार गेली. ते भोक आजही तसेच आहे. शिल्पकाराने जे सांगायचे ठरवले नव्हते ते त्या शिल्पाला सांगावे लागले. सीगलचे शिल्प प्रवेशद्वारावरच अडवता आले; हे भोक अडवता आले नाही, कारण ते कोणाला विचारून आत आले नव्हते.

केंटच्या या दोन शिल्पांकडे पाहिल्यावर माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर थोडे स्पष्ट होते. प्रामाणिकपणा किंवा पळपुटेपणा हा आकाराचा गुण नव्हे. तो त्या आकाराभोवतीच्या माणसांचा गुण आहे. न्यायालयात साक्षीदार उभा असतो. त्याला कोणी प्रश्नच विचारला नाही तर तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याला कोणी खोटी साक्ष म्हणत नाही. दोष न विचारणाऱ्याचा असतो. धातूचेही तसेच आहे. मूर यांनी कवटी लपवली नाही, ड्रमच्या पोलादातले भोक बुजले नाही. गवाही हजर आहे. ती नोंदवून घ्यायची की शिल्पाच्या पायाशी बसून डबा खाऊन उठायचे, हे पाहणाऱ्याने ठरवायचे आहे. संस्था मात्र शिल्पाच्या मौनाला आपले मौन जोडते, ‘आम्ही स्मारक उभारले आहे’ म्हणून पुढचे बोलणे टाळते, तेव्हा तो पळ संस्थेचा असतो. धातूच्या आड उभे राहून केलेला.

शिकागो विद्यापीठाबाबत एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. २ डिसेंबर २०१७ रोजी, प्रयोगाच्या ७५ व्या वर्षी, त्याच जागेजवळच्या ग्रंथालयाच्या छतावरून काय गुओ-चियांग या चिनी कलावंताने रंगीत धुराचा अळंबीसारखा ढग आकाशात सोडला. जे शब्द फलकावर आले नव्हते ते या वेळी विद्यापीठाने स्वतःच्या छपरावर उघड दाखवले. ढग थोड्या वेळात विरून गेला. ब्राँझ खाली तसेच उभे होते. उघड बोलणारी कला बऱ्याचदा क्षणाची असते आणि टिकणारी कला बऱ्याचदा मुकी असते. दोन्ही एकमेकींच्या जवळ असल्या तर विसरणे कठीण होते.

रोजच्या जगण्यातही आपण पुष्कळदा एकाच चेहऱ्याच्या उत्तराचा आग्रह धरतो. हा आपला की परका, हे पुण्य की पाप, हा विजय की अपराध. काही प्रश्नांना असे उत्तर असतेच आणि तेथे गोलमोल बोलणे हा गुन्हा आहे. हिरोशिमातल्या मुलांना कोणी मारले, केंटमध्ये गोळ्या कोणी झाडल्या, येथे ‘दोन्ही बाजू’ नाहीत. पण त्या मारणाऱ्या शक्तीचे ज्ञान माणसाच्या ज्या जिज्ञासेतून आले ती जिज्ञासा पाप होती की देणगी, याला एका शब्दाचे उत्तर नाही. कोणत्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे आणि कोणत्या प्रश्नासोबत आयुष्यभर राहायचे, हे ओळखता येणे म्हणजेच तालीम, असे मला शिक्षक म्हणून वाटते.

वर्गातल्या त्या मुलीला मी दोन्ही म्हणालो, ते बरोबर होते; पण ते अपुरे होते. त्यापुढचे वाक्य असे हवे : गुंबद आहे की खोपडी, हे ब्राँझ ठरवणार नाही. अणूची किल्ली तुमच्या पिढीच्या हाती येईल तेव्हा तुम्ही काय कराल, त्यावरून ते ठरत जाईल. तोवर ते उघड्यावर ऊन, पाऊस आणि शिकागोचे बर्फ अंगावर घेत उभे राहील, आणि विचारणारा येईपर्यंत गप्प राहील.